विनोदी लेखाचे परीक्षण : आधी मजकूर, मग पान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांचे वार्षिक अंक छापून होऊ लागले की त्यांच्या स्पर्धांचे निकालही मागोमाग येतात. हस्तलिखितांचे आणि स्थानिक दिवाळी अंकांचेही तसेच. या बहुतेक स्पर्धांत विनोदी ललित लेखाचा एक विभाग असतो आणि परीक्षणात सगळ्यात जास्त हयगय त्याचीच होते. कवितेवर परीक्षक वाद घालतात, कथेच्या शेवटावर चर्चा होते. विनोदी लेख मात्र ‘मजा आली’ किंवा ‘हसू आले नाही’ एवढ्यावर निकालात निघतो. त्यात सजावटीचे गुणही याच रकान्यात मिसळले जातात, म्हणून गुळगुळीत आर्ट पेपर आणि चाररंगी चित्रे असलेला अंक पुढे सरकतो आणि साध्या मॅपलिथो कागदावरचा चांगला लेख मागे राहतो.

आमच्यापैकी कोणी मराठी शिकवतो, कोणी अक्षरजुळणी करतो, कोणी मुद्रिते (प्रुफे) तपासतो. आमची मागणी एकच आहे. स्वतःच्या अनुभवावरचा विनोदी लेख आधी निव्वळ मजकूर म्हणून तपासावा. छापील पान त्यानंतर हातात घ्यावे आणि त्याला गुण देताना ते पान लेखातला विनोद सांभाळते की उधळून टाकते, हे पाहावे.

पहिल्या वाचनासाठी आयोजकांनी सगळे लेख एकाच फॉन्टमध्ये, १२ पॉइंटमध्ये, चित्रे आणि नावे काढून ए-फोर कागदावर छापून द्यावेत. खर्च फार नाही, कारण अंकांची सॉफ्ट कॉपी प्रत्येक महाविद्यालयाकडे असतेच. प्रत्येक परीक्षकाला लेखांचा क्रम वेगळा द्यावा. विनोदाला थकवा लवकर चढतो. सलग वाचताना पहिल्या दोन-तीन लेखांना मिळणारे हसू दहाव्याला मिळत नाही आणि सगळ्यांना एकच क्रम दिला तर शेवटच्या लेखांवर सगळ्यांकडूनच अन्याय होतो. परीक्षकांनी एकत्र बसून, मोठ्याने वाचून परीक्षण करू नये. शेजारचा हसला की आपणही हसतो, शिवाय चांगला वाचणारा माणूस पडलेले वाक्यसुद्धा उचलून धरतो. तो गुण वाचणाऱ्याचा, लेखाचा नव्हे.

वाचताना समासात दोनच खुणा कराव्यात : हसू आले तिथे टिंब आणि मन पुढे पळाले तिथे फुली. दुसऱ्या दिवशी तोच लेख पुन्हा वाचावा. पहिल्यांदा धक्क्यामुळे आलेले टिंब दुसऱ्या वाचनात विरते, निरीक्षणामुळे आलेले टिकते. टिकलेली टिंबे मोजावीत. फुल्या बहुधा पहिल्या परिच्छेदात सापडतात, कारण मुलांना निबंधाची सवय असते आणि लेख ‘हास्य हे मानवाला मिळालेले वरदान आहे’ इथून सुरू होतो. पहिला परिच्छेद हाताने झाकून दुसऱ्यापासून वाचावे. काही अडले नाही तर तो परिच्छेद भरतीचा आहे, असे खुशाल समजावे.

आता मजकुराकडे येऊ. वार्षिक अंकात अगदी नेहमी दिसतो तशा धाटणीचा, इथे नमुन्यासाठी रचलेला हा तुकडा पाहा :

‘आमच्याकडे पाहुणे आले की खूपच धमाल होते!!! एकदा तर काय झाले, काका आले आणि चहा नको नको म्हणत भरपूर चहा प्यायले. आम्ही सगळे हसून हसून बेजार झालो!!!’

आणि हाच प्रसंग असा :

‘काकांनी चहा सोडला त्याला आता सहा महिने झाले. आमच्याकडे आले की फक्त अर्धा कप घेतात. परवा त्यांनी अर्धा कप पाच वेळा घेतला.’

दुसऱ्या तुकड्यात कोणी हसत नाही, धमाल हा शब्द नाही, उद्गारचिन्ह एकही नाही. पहिली दोन वाक्ये काकांचे म्हणणे जसेच्या तसे, गंभीरपणे मान्य करतात. तिसऱ्या वाक्यातल्या आकड्याने ते कोसळते. शब्दांचा क्रमही महत्त्वाचा आहे. मराठीत वाक्यातला जोर साधारणपणे क्रियापदाच्या अगदी आधीच्या शब्दावर पडतो. ‘पाच वेळा अर्धा कप घेतला’ असे लिहिले तर जोर अर्ध्या कपावर जातो आणि वाक्य मऊ पडते. ‘अर्धा कप पाच वेळा घेतला’ म्हटले की तो ‘पाच वेळा’वर येतो. ‘म्हणजे अडीच कप झाले की!’ अशी पुस्ती जोडली तर वाचकाने मनातल्या मनात करायची बेरीज लेखकाने करून टाकली आणि वाचकाच्या हातचा आनंद काढून घेतला. परीक्षकाने अशी पुस्तीची वाक्ये पेन्सिलीने खोडून लेख परत वाचावा. ‘गंमत म्हणजे’, ‘काय सांगू तुम्हाला’, ‘आमची तर पुरती वाट लागली’ ही वाक्ये गेल्यावर लेख उभा राहिला तर गुण द्यावेत. त्यांच्याबरोबर लेखही गेला, तर त्यात मुळात काही नव्हते.

रचनेसाठी एक सोपी चाचणी आहे. लेखातल्या प्रसंगांचा क्रम बदलून पाहावा. तिसरा किस्सा पहिला केला आणि काहीच बिघडले नाही, तर तो लेख नाही, किश्शांची यादी आहे. नीट बांधलेल्या लेखात अतिशयोक्ती पायरीपायरीने चढते. सुरुवात जवळजवळ खरी असते, वाचक ‘असे होते खरे’ म्हणून मान डोलावतो आणि मग त्याच्या नकळत त्याला पुढे नेले जाते. पहिल्याच ओळीत गच्चीवर चढलेल्याला पुढे जायला जागा उरत नाही. विद्यार्थ्यांच्या लेखाला आठशे ते बाराशे शब्द पुरतात आणि तेवढ्यात विषय एकच असावा. शेवट तर हमखास घसरतो : अकराशे शब्द नीट लिहिलेला मुलगा शेवटच्या परिच्छेदात ‘पण खरेच, धकाधकीच्या आयुष्यात हसत राहिले पाहिजे’ असा उपदेश करून मोकळा होतो. परीक्षकही त्यालाच ‘अंतर्मुख करणारा शेवट’ म्हणून गुण देतात. कृपा करून देऊ नयेत.

स्वानुभवाच्या विनोदात ‘मी’ हे पात्र असते. त्या पात्राला एखादी खोड हवी, हट्ट हवा, काहीतरी चुकीचे ठामपणे वाटायला हवे. ‘मी’ शहाणा आणि बाकी सगळे मूर्ख, असा लेख पाच ओळींनंतर कडवट होतो. आपण विनोदी आहोत हे या ‘मी’ला ठाऊक आहे का, हेही पाहावे. ठाऊक असेल तर तो नकलाकार होतो आणि वाचक टाळी द्यायची की नाही याचा विचार करू लागतो.

निरीक्षणाचे गुण तपशिलाला द्यावेत. पुरावरच्या लेखात ‘पाणी खूप वाढले, सगळीकडे घबराट पसरली’ हे कुठल्याही गावाला लागू पडते. सांगलीत आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी हाच बोलण्याचा विषय असतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी शाळकरी मुलालाही पाठ असते. तीन मजले वर राहणारा आणि तरीही दर अर्ध्या तासाला खाली येऊन ‘किती फूट?’ विचारणारा शेजारी ज्याने टिपला, त्याने खरोखर पाहिले आहे. पण पुरात ज्याचे घर गेले तो माणूस हसण्याचा विषय होता कामा नये. हसू कोणावर येऊन पडते, हे प्रत्येक लेखात पाहावेच लागते. रंग, जाड-बारीकपणा, तोतरेपणा, जात, सासू-सून, बायको यांवरचे विनोद बहुधा फोनवर फिरून आलेले असतात. संशय आला तर त्यातले सात-आठ सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधावेत, लगेच उमगते. शिक्षकांवरच्या विनोदाबाबत नियम स्पष्ट असावा : ओळखू येईल असे टोपणनाव छापायचे तर त्या शिक्षकांची संमती आधी घ्यावी. वर्गातली थट्टा तास संपला की विसरली जाते, अंक ग्रंथालयात राहतो.

बोलीबद्दल आम्हाला विशेष कळकळ आहे. ‘आलतो’, ‘गेलतो’, ‘काय करायलाईस’ ही आपली रोजची भाषा आहे. तरी बऱ्याच लेखांत ती फक्त कंडक्टर, भाजीवाली आणि शेतातला गडी यांच्या तोंडी असते. स्वतः ‘मी’, आई-बाबा आणि मित्र स्वच्छ पुस्तकी बोलतात. इथे एक परीक्षा करावी. बोलीतले विनोदी वाक्य प्रमाण मराठीत लिहून पाहावे. विनोद थोडा फिका पडला तर हरकत नाही, बोलीची लय गेली की तेवढे होणारच. पण पूर्ण नाहीसा झाला तर तिथे विनोद नव्हताच, एका माणसाच्या बोलण्याला हसणे होते. उलट संपूर्ण लेख बोलीत असेल तर शुद्धलेखनाच्या नावाखाली गुण कापू नयेत. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांतही (१९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४) पात्राच्या तोंडची बोलभाषा उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक आहे. फक्त सुरुवातीला ‘गेलो होतो’ आणि मध्येच ‘गेलतो’ अशी निवेदनाची सरमिसळ दिसली तर ती दाखवून द्यावी.

मजकुराचे गुण लिहून, सही करून बंद झाले की मगच छापील अंक उघडावा.

देवनागरीचे पान इंग्रजी पानाच्या मापाने लावले की बिघडते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. १२ पॉइंटच्या मजकुराला ओळींमध्ये १७-१८ पॉइंटचे अंतर हवे. पाने वाचवण्यासाठी ते १४ वर आणले की वरच्या ओळीतला दीर्घ ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन भिडतो. वार्षिक अंक बहुधा १/४ डेमी, म्हणजे साधारण साडेआठ बाय अकरा इंचांचा असतो. त्यावर पूर्ण रुंदीची ओळ चौदा-पंधरा शब्दांची होते आणि पुढची ओळ शोधताना डोळा चुकतो. म्हणून दोन स्तंभ करतात. मग स्तंभात सहा-सात शब्द बसतात आणि दोन्ही कडा सरळ केल्या की ‘महाविद्यालयासमोरच्या’सारखा शब्द पुढच्या ओळीवर जाऊन मागे मोठी पोकळी सोडतो. उजवी कड मोकळी ठेवली की हा प्रश्न मिटतो. ती मोकळी दिसली म्हणून परीक्षकाने गुण कापू नयेत, द्यावेत. विनोदी लेखांसाठी १/८ डेमी आकार उत्तम : आठ-नऊ शब्दांची ओळ, एकच स्तंभ.

अक्षरजुळणीतल्या चुकांचा विनोदाला थेट फटका बसतो, कारण वाचक अडखळला की विनोदाची नेमकी वेळ (टायमिंग) चुकते. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. ‘दऱ्या’ लिहायचे असताना ‘दर्या’ छापले तर सह्याद्रीत समुद्र येतो. उपाय सोपा आहे : टंकताना साधा र न घेता नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पान लावणाऱ्याने परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर हा पर्याय निवडला आहे का, हेही पाहावे. तो नसेल तर जोडाक्षरे फुटतात. रूपांतरानंतर मुद्रित किमान दोनदा तपासावे आणि त्यातले एक वाचन लेखकाचे स्वतःचे असावे. मुद्रितशोधक शब्द दुरुस्त करेल, पण मुद्दाम चुकीचा लिहिलेला शब्द कोणता हे लेखकालाच माहीत असते.

रंगांबाबत थोडक्यात. मजकूर फक्त काळ्या शाईत असावा, चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात नको. छपाईत एक प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला रंगीत सावली येते. गडद पार्श्वभूमीवर पांढरी बारीक अक्षरे काढली तर शाई पसरून त्यांच्या फटी बुजतात. मजकुरामागे फिका फोटो टाकू नये. आणि विनोदी लेख म्हणून वेडीवाकडी, नाचरी अक्षरे वापरू नयेत, मथळ्यातसुद्धा. हसरे चेहरे, वाकडा मथळा, अधोरेखित वाक्ये ही सगळी ‘आता हसा’ अशी पाटी असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पानावरची वेळ. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सांगलीतच रंगभूमीवर आणले. या गावाला बोलण्यातला थांबा कुठे घ्यायचा, हे सांगायला नको. कागदावर तो थांबा परिच्छेद, कोरी ओळ आणि पान उलटणे यांतूनच मिळतो. डावे पान सम क्रमांकाचे, उजवे विषम. वाचक पान उलटतो ते विषम पानाच्या शेवटी. तिथे परिच्छेद पुरा होऊन पुढे काय होणार एवढेच कुतूहल उरले, तर पान लेखकाला मदत करते. वाक्य अर्ध्यावर तुटले किंवा तिथे पतसंस्थेची अर्धे पान जाहिरात आली, तर लेखकाने रचलेला सगळा डोलारा पडतो. लेखाच्या शेवटच्या दोन-तीन ओळी एकट्याच नव्या पानावर गेल्या असतील तर मागे कुठेतरी चार शब्द कमी करून त्या ओढून घ्याव्यात. उरलेल्या रिकाम्या जागेत चुटकुला भरणे ही तर जुनी खोड आहे. त्याने लेखाचा शेवट पुसला जातो. जागा कोरी राहू द्यावी.

चौकट आणि चित्र यांनी विनोद फोडण्याचे प्रमाण फार आहे. सजावट करणारा लेख चाळतो, सगळ्यात चांगले वाक्य उचलतो आणि मोठ्या अक्षरांत चौकटीत टाकतो. वाचक चौकट आधी वाचतो. वरच्या उदाहरणातले ‘अर्धा कप पाच वेळा घेतला’ चौकटीत गेले की लेखात ते शिळे होऊन येते. चौकटीतले वाक्य लेखाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातूनच घ्यावे आणि ते प्रश्न निर्माण करणारे असावे. चित्राचेही तेच. कळसाचा प्रसंग पहिल्या पानावर काढू नये. काकांचे चित्र हवे तर एक हात ‘नको’ म्हणून वर केलेले काका काढावेत, टेबलावरचे पाच रिकामे कप नव्हे.

आता अनेक अंक पीडीएफ होऊन फोनवरच वाचले जातात. परीक्षकाने पान फोनवर उघडून एकदा पाहावे. दोन स्तंभांचे १/४ डेमी पान मोठे करून वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवत वाचावे लागते, तेव्हा सगळी वेळ बोटाच्या हातात जाते. फोनसाठी एका स्तंभाची वेगळी प्रत केली असेल तर तिला जादा गुण असावेत. पडद्यावर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरकही मोजता येतो. वेबसाठीच्या सुलभता निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ ला १ एवढा फरक सांगितला आहे. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्या अक्षरांचा तो १.०७ ला १ भरतो, आणि तरीही पिवळे मथळे सर्रास दिसतात.

गुणांची विभागणी आमच्या मते अशी असावी : मजकुराला ६०, पानाला ३० आणि मुद्रणशुद्धतेला १०. मजकुराचे गुण लेखकाला जावेत, पानाचे संपादक मंडळाला. पान लावणारा बहुधा छापखान्यातला डीटीपी करणारा असतो. त्याच्या निवडीची शाबासकी किंवा शिक्षा द्वितीय वर्षाच्या मुलीला कशाला? पानाच्या ३० पैकी १५ सुवाच्यतेला, १० वेळ सांभाळण्याला आणि ५ चित्राला. कागदाच्या दर्जाला शून्य.

तीन परीक्षकांची सरासरी काढण्याची पद्धत तर विनोदाच्या बाबतीत सोडूनच द्यावी. एकाला ५२, दुसऱ्याला ५०, तिसऱ्याला २० वाटलेला लेख सरासरीत ४१ वर येतो आणि तिघांनीही निरुत्साहाने ४२ दिलेला लेख बक्षीस घेऊन जातो. साठात १५ पेक्षा जास्त फरक पडला की तिघांनी तो लेख समोर ठेवून बोलावे. वीस देणाऱ्याने कुठे खटकले ते वाक्य दाखवावे, पन्नास देणाऱ्याने कुठले टिंब टिकले ते दाखवावे. विनोद कोणाला तरी दुखावतो म्हणून २० दिले असतील तर ते कारण बाकीच्या दोघांनी ऐकायलाच हवे. बोलून झाल्यावर गुण बदलायची मुभा असावी.

आणि निकालाबरोबर प्रत्येक लेखकाला परीक्षकांचे लेखी शेरे मिळावेत. तीन ओळी पुरेत : कोणते वाक्य चालले, कोणत्या परिच्छेदात लेख ढिला पडला आणि पानावरची कोणती एक गोष्ट बदलावी. ‘छान प्रयत्न’ हा शेरा बाद समजावा. सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या आयोजकांनी या वर्षीचे परीक्षक नेमताना हे गुणपत्रक त्यांच्याबरोबरच संपादक मंडळांनाही आधी पाठवावे, म्हणजे अंक छापखान्यात जाण्यापूर्वीच चौकटी, जाहिराती आणि शेवटची पाने तपासून घेता येतील.

कळावे,

आपले विश्वासू,
परीक्षण, अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करणारे काही वाचक,
विश्रामबाग, सांगली